मधली ओळ

गिलाव्याचा भाकरीएवढा पोपडा सुगंधाच्या उशाशी येऊन आदळला, तेव्हा मी बाळाच्या अंघोळीचं पाणी चुलीवरून उतरवत होते. धप्पकन आवाज झाला, पाठोपाठ बाळ किंचाळलं आणि सुगंधा ओरडली, "आये! धाव गो!"

हंडा तिथंच टाकून मी धावले. माझी लेक बाळाला पोटाशी धरून खाटेच्या टोकाला बसली होती. उशीवर सिमेंट, तिच्या केसांत सिमेंट, बाळाच्या टाळूवर धूळ. त्या जिवाचं अजून बारसंसुद्धा झालं नव्हतं. मी चाचपून चाचपून बघितलं. लागलं नव्हतं कुठं. मग मान वर केली. मधली भिंत, जिच्या पलीकडे माझा दीर राहायचा, तिला चांगलं पोट आलं होतं. आठवड्यापूर्वी एवढं नव्हतं.

तेवढ्यात आमचे हे आले. हातात घमेलं, घमेल्यात थापी.

"काय झाला? थोडो गिलावो पडलो मा? आत्ता लावून टाकतंय."

"ह्या पावसात कितव्यांदा लावतास?"

"ह्या खेपेक वाळू चाळून घेतलंय. धरतला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोरीच्या उशाशी ढेकूळ पडलंय आणि ह्यांना वाळूचं कौतुक! आमचे हे, म्हणजे दिगंबर परब, डेपोत वायरमन होते. घरातलं काम दुसऱ्याच्या हातून करून घेणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. गवंडी चोर, सुतार लबाड, प्लंबर तर महालबाड. न्हाणीघराची फरशी ह्यांनीच बसवलेली, तिच्यावर पाणी दाराकडे जायचं. तरी कोणी पाहुणा आला की पहिली फरशी दाखवायची.

"वरसून पाणी येता. भिंतीच्या डोक्यार," मी म्हटलं. "घरार चढून बगा आधी."

हे थापीनं माल ढवळत राहिले. "आमच्या बाजूची कौला मी मेमहिन्यात परतलंय. एक थेंब गळाचो नाय."

"मगे ह्या पाणी खयसून येता?"

"ती मधली ओळ. ती माझी न्हय."

झालं. आलीच ती मधली ओळ.

ह्यांचं आणि धाकट्या भावाचं, सगुणचं, शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, बिनसलं आणि घराची वाटणी झाली. पंच बसले. विहीर वाटली, सकाळ एकाची, संध्याकाळ दुसऱ्याची. फणस वाटले, माड वाटले, पाटा एकाला तर वरवंटा दुसऱ्याला देण्यापर्यंत मजल गेली होती, मीच ओरडून तो अडवला. घराच्या मधोमध मातीची जुनी भिंत होती, ती हद्द ठरली. अलीकडे आम्ही, पलीकडे सगुण. पण त्या भिंतीच्या नेमकं डोक्यावरून, आढ्यापासून पुढच्या आणि मागच्या पागोळीपर्यंत, कौलांची जी एक ओळ उतरत होती, तिच्याबद्दल बोलायचं पंच विसरले.

आमच्याकडे पावसाआधी कौलं परततात. सगळी काढायची, पाला आणि शेवाळ झाडायचं, फुटकी बदलायची, पुन्हा लावायची. दर उन्हाळ्यात हे आमच्या बाजूनं परतत परतत त्या ओळीपर्यंत जायचे आणि थांबायचे. पलीकडून सगुण यायचा, तोही थांबायचा. मधली ओळ तशीच. तिच्यावर पाला कुजला, माकडांनी कौलं फोडली, एकानं हात लावला नाही. हात लावला तर ती आपली ठरेल आणि जन्मभर आपल्यालाच परतावी लागेल, ही दोघांची भीती. आणि दुसऱ्यानं लावला तर आपली हद्द वीतभर आत आली, हाही हिशेब. एका आईच्या पोटचे दोघे, अक्कलही सारखीच वाटून घेतलेली.

खोली बदलायची म्हणाल, तर नेऊ कुठं? ओटीवर वाऱ्याचा मारा, दुसरी खोली लाकडांनी भरलेली, आणि तिथंही ओल. खाट ओढून मी समोरच्या भिंतीला लावली. पण खोली ती केवढीशी. भिंत आली असती तर खाटेपर्यंत आलीच असती.

संध्याकाळी परसात गेले तर कुंपणापलीकडे प्रमिला, माझी धाकटी जाऊ, भांडी घासत होती. नवऱ्यांचं बोलणं बंद होतं, आमचं नव्हतं. फक्त हळू बोलायचं, एवढंच.

"वयनी, कसलो आवाज झालो गो दुपारी?"

मी सांगितलं. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"आमच्याकडेय तशीच गत. सकाळी चुलीर गिलावो पडलो, भाकरी फुकट गेली. ह्यांनी परत सिमेट लावल्यानी. मी म्हटलंय, वर चढून बगा. तर म्हणतत, ती ओळ माझी न्हय."

म्हणजे अलीकडून हे लिंपतायत, पलीकडून तो लिंपतोय, आणि डोक्यावरून भिंतीत पाणी मुरतंय.

"सुगंधाक हय आण," प्रमिला म्हणाली. "माझी पलीकडची खोली सुकी खडखडीत आसा."

"आणि हे दोघे आपणाक जिती ठेवतीत?"

तिनं भांडं पुन्हा घासायला घेतलं. त्या उंबऱ्यावर आमच्यापैकी कोणी पाऊल ठेवलं नव्हतं, वाटणी झाल्यापासून. सुगंधाच्या लग्नातसुद्धा तिच्या काकीनं अक्षता टाकल्या त्या कुंपणाशी उभं राहून.

मी सरळ अंगणात गेले आणि दोघांना हाका मारल्या. मोठ्यानं. वाडीला ऐकू जाईल अशा. हे ओटीवर आले, सगुण त्याच्या ओटीवर आला.

"भिंत पडाक इली आसा," मी म्हटलं. "फाल्या सकाळी दोघांनी मिळून वर चढा आणि ती ओळ लावा."

"ती माझी न्हय," हे म्हणाले.

सगुण तुळशीकडे बघत म्हणाला, "वयनी, तेंका सांग, माझीय न्हय."

"शिरा पडली तुमच्या हद्दीर! आत बाळंतीण आसा, बाळ आसा! भिंत काय पंचांक इचारून पडतली?"

"मी लावतंय मा गिलावो," हे म्हणाले. सगुणनं तर पाठच फिरवली.

रात्रभर मी भिंतीकडे बघत पडून राहिले. आतून माती सुटल्याची सरसर ऐकू यायची. पहाटे पहाटे माझं ठरलं.

सकाळी आभाळ उघडलं होतं. हे नाक्यावर चहाला गेले, सगुण शेतावर. मी लुगड्याचा कासोटा घट्ट खोचला, गोठ्यामागची नवी कौलं गोणपाटात बांधून पाठीला लावली आणि पुढच्या अंगाला शिडी उभी केली. कुंपणाशी जाऊन प्रमिलाला म्हटलं, "तू मागल्या अंगान चढतंस काय?"

"मी?" तिचे डोळे एवढाले झाले. आमच्या वाडीत बाई कौलांवर चढत नाही. चढली तर घरधन्याच्या तोंडाला काळं फासल्यासारखं. "वयनी, लोक काय म्हणतीत?"

"लोकांच्या डोक्यार भिंत पडाची नाय. तुझ्या नातीच्या डोक्यार पडतली."

ती आत गेली आणि पदर खोचून, दोन नवी कौलं पाठीला बांधूनच बाहेर आली.

वर चढणं सोपं नव्हतं. शेवाळानं पाय सटकत होते, कौलाखाली वासा कुठं आहे ते अंदाजानं ओळखून पाऊल टाकायचं. पलीकडच्या उतारावर प्रमिला "देवा म्हाराजा, देवा म्हाराजा" करत चढत होती, ते मला ऐकू येत होतं. मी मधल्या ओळीपाशी पोचले, कुजका पाला दोन्ही हातांनी ओढून काढला, फुटकी कौलं बाजूला केली. आणि हात तसाच राहिला.

कौलांच्या खाली, ती ज्यावर टेकतात त्या लाकडी रिपेवर, पत्र्याची एक लांब पट्टी बांधलेली होती. तिरकी. सगुणच्या बाजूला उतरती. फुटक्या कौलांतून येणारं पाणी तिच्यावर पडावं आणि घसरत पलीकडे जावं, अशी. आणि ती बांधली होती तांब्याच्या तारेनं, प्रत्येक गाठीला तीन पीळ आणि टोक आत वळवलेलं. जुन्या मोटारीची ती तार आमच्या माळ्यावर होती. तशी गाठ सबंध गावात एकच माणूस मारायचा.

मी आंधळी झाले रागानं. मेमहिन्यात हा माणूस इथं बसला होता. नवं कौल हाताशी होतं. ते लावायला जेवढा वेळ लागला असता त्याच्या दुप्पट वेळ घालून त्यानं ही पट्टी बांधली होती. भावाच्या चुलीवर पाणी पडावं म्हणून. मग खाली येऊन माझ्या हातचा चहा प्यायला होता आणि म्हणाला होता, "एक थेंब गळाचो नाय."

"वयनी!" आढ्यापलीकडून प्रमिलाचा आवाज आला, रडवेला. "हय ये गो! ह्या काय ता बग!"

मी आढ्यावरून वाकून बघितलं. मागच्या उतारावर, त्याच ओळीखाली, खताची प्लॅस्टिकची पिशवी फाडून पन्हळीसारखी दुमडून बसवलेली. काथ्यानं बांधलेली. आमच्या बाजूला उतरती.

"ही पिशवी आमची," प्रमिला म्हणाली. "कोंबड्यांच्या खुराड्यार होती. मी इचारलंय खय गेली, तर म्हणाले, वाऱ्यान उडाली."

मी तिला माझ्या बाजूची पट्टी दाखवली. ती बघत राहिली आणि मग तिच्या तोंडातून जी शिवी गेली, ती इथं लिहिता येणार नाही. प्रमिलाला शिवी देताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पट्टीवरचं पाणी काही सगुणकडे गेलं नव्हतं, आणि पिशवीवरचं आमच्याकडे आलं नव्हतं. दोन्हींची टोकं भिंतीच्या डोक्यावरच संपत होती. दोघा शहाण्यांनी सगळा पाऊस नीट गोळा करून भिंतीच्या पोटात सोडला होता. आणि खालून दोन्हीकडे सिमेंट लावून तो बाहेर पडायची वाटही बंद केली होती. त्या भिंतीला टेकून माझी पोर बाळाला पाजत होती.

तोवर कुणीतरी जाऊन दोघांनाही सांगितलं होतं. हे धावतच अंगणात आले.

"खाली उतर! लोक बगतत!"

"बगूं देत! तुमीच वर येवा. तुमका दाखवचा आसा काय तरी."

"शेवंती, मी सांगतंय..."

"वर येवा!"

ते शिडीवरून चढले. मागून सगुणही त्याच्या शिडीनं चढत होता, प्रमिलाला हाका मारत. हे माझ्यापाशी आले तेव्हा मी नुसतं बोट दाखवलं. पट्टी बघून त्यांचा चेहरा उतरला. पण कबूल करतील ते कसले.

"ता... पाणी त्याच्या घरात पडला असता म्हणजे तोच झक मारीत वर चढलो असतो. म्हणान बांधलंय."

"आणि खाली कोण निजता? तुमचो वैरी निजता? तुमचा चेडू निजता थय! तुमची नात!"

"माका काय म्हायत ती बाळंतपणाक येतली..."

पुढचं मी ऐकलंच नाही. गोणपाट त्यांच्या पायाशी टाकलं आणि शिडीवरून खाली उतरले. अंगणात पाय टेकले, आणि कुणाला काही कळायच्या आत शिडी ओढून आडवी टाकली.

"गो प्रमिला!" मी ओरडले. "उतारलंस काय?"

"उतारलंय!"

"शिडी काढ!"

मागं धाडकन आवाज झाला. तिनं शिडी काढली नव्हती, ढकलूनच दिली होती.

वर दोघे भाऊ, ओळीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. खाली निम्मी वाडी जमलेली. हे लालबुंद झाले. "शिडी लाव! शिडी लाव म्हणतंय!"

"ती ओळ लागली की शिडी लागतली."

"ती माझी न्हय!"

"मगे बसा थयच. जेवण वर धाडूचय नाय."

कुणीतरी हसलं. एक म्हातारे गृहस्थ समजूत घालायला पुढं आले, पुरुषमाणसाची अशी शोभा करू नये वगैरे. मी त्यांना म्हटलं, "काका, तुमच्या घरात माझी बाळंतीण ठेवतास? मगे लावा शिडी." ते मागं सरले.

ऊन चढलं, कौलं तापली. मग हे हळूच खाली बसले, पट्टीची तार सोडायला लागले. पलीकडून पिशवी उडत आली आणि माडाला अडकली. पण मंगलोरी कौल एकमेकांत अडकून बसतं. मधलं सरकवायचं तर शेजारचं उचलून धरावं लागतं, आणि इथं दोन्ही शेजारची कौलं वेगवेगळ्या मालकांची. एक दुसऱ्याला आपल्या कौलाला हात लावू देईना.

शेवटी हे आभाळाकडे बघून म्हणाले, "कोणी तरी डावीकडला उचला."

सगुणनं उचललं. तोही आभाळालाच म्हणाला, "घाला आता."

असं करत करत आढ्यापासून पुढच्या पागोळीपर्यंत आणि मग मागं, ती ओळ लागली. खाली माणसं कंटाळून पांगली. मी आणि प्रमिला मात्र दोन्ही अंगांना उभ्याच होतो. शेवटचं कौल बसलं तशी मी शिडी लावली.

मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. पोरीला विचारेल, बाळाला हात लावेल. हे उतरले, हातपाय धुतले आणि सरळ घमेल्याकडे गेले. सिमेंटची पिशवी ओढली.

"ओळीतली चार कौला आमची गेली," म्हणाले. "तेची दोनच. जावंदे. आता भिंतीक एक हात मारतंय, मगे काम झाला."

ते ऐकून मात्र माझा होता नव्हता तेवढा धीर सुटला. सुगंधाला मी बाळासकट पडवीत काढलं. माळ्याखालचा हातोडा घेतला आणि आतल्या खोलीत गेले. हे "काय करतंस, काय करतंस" करत मागं आले. भिंतीचं पोट खाली होतं, मी त्याच्या वर, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर हातोडा घातला.

गिलावा पापडासारखा फुटला. मागं भिंत असायला हवी होती. नव्हती. भसाभसा ओली माती बाहेर आली, आणि मग नुसती पोकळी. माती सगळी सुटून खाली बसली होती, तेच ते पोट. मी हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला आणि बोटांना पलीकडचा खरखरीत थर लागला. सगुणचा गिलावा. मी हातोड्यानं तो ढकलला. तोही फुटला, आणि प्रमिलाच्या चुलीचा धूर आमच्या खोलीत आला.

भोकातून बघितलं तर पलीकडे सगुण उभा होता. त्याच्याही हातात माल लावलेली थापी होती.

इतके दिवस आमच्या दोन घरांच्या मधे भिंतच नव्हती. ह्याचं सिमेंट आणि त्याचं सिमेंट एकमेकांकडे तोंड करून उभं होतं, आणि त्याच्या भरवशावर माझी लेक खाली झोपत होती.

"लावा," मी दोघांना म्हटलं. "लावा आता गिलावो. कशाक लावतास ता मी बगतंय."

सगुणनं थापी खाली टाकली.

मी पडवीत आले, बाळाचं गाठोडं उचललं आणि सुगंधाला म्हटलं, "चल." अंगण ओलांडून आम्ही सगुणच्या दारात गेलो. प्रमिला उंबऱ्यात उभीच होती, तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सुगंधाला आत घेतलं. पलीकडची खोली खरंच सुकी खडखडीत होती. खाट घातलेली, शेगडी पेटवून ठेवलेली. कधीपासून तयारी करून बसली होती कोण जाणे.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, "चिऱ्याची नवी भिंत उभी ऱ्हवापर्यंत ती दोघां थय. नातीक बगूचा आसात तर ता दार उघडा आसा."

"मी त्या घरात पाय ठेवचंय नाय."

"नका ठेवू."

मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. ताट वाढायचे, पाण्याचा तांब्या ठेवायचे, आणि उठून जायचे. चिरे आले. दोघे भाऊ मुकाट्यानं जुनी माती उपसू लागले, एक इकडून, एक तिकडून. पलीकडून बाळ रडलं की ह्यांचं फावडं थांबायचं. मला दिसायचं ते. पण मला दया आली नाही. आजही येत नाही.

एका संध्याकाळी बाळ काही केल्या राहीना. प्रमिला अंगाई म्हणून थकली, सुगंधा थकली. मी जायला म्हणून अंगणात उतरले, तर हे माझ्यापुढं चालत होते. डोक्याला मातीनं माखलेला पंचा तसाच. सगुणच्या पायरीशी जाऊन थांबले. पुढं जाईनात, मागं फिरेनात. आत सगुण बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता. त्यानं दाराकडे बघितलं.

मग सगुण म्हणाला, "दादा, पाय धुवन ये. बाळ आसा हय."